पबाबाहेरचा बाक

माझ्या नवऱ्याला शिंदी आवडते आणि मलाही आवडते. फरक एवढाच, की हे शिंदीकडे जातात आणि माझ्याकडे शिंदी येते. लग्नाला चौतीस वर्षं झाली. दर रविवारी सकाळी साडेसहाला हे स्कूटर काढतात, आदिलाबादच्या बाहेर शिंदीच्या झाडांच्या बनात ताजी उतरवलेली प्यायला जातात, चार मित्रांबरोबर बसतात आणि नऊच्या आत परत येताना स्टीलच्या किटलीत माझ्यापुरती घेऊन येतात. मागच्या दाराने. किटलीवर झाकण, झाकणावर रुमाल आणि रुमालावर कोथिंबिरीची जुडी. गल्लीत कुणी विचारलंच, तर भाजी आणली म्हणायला बरं. आमच्या घरी रविवारी कोथिंबीर फार होते.

मी ती ओट्याशी उभ्यानेच पिते आणि निकाल देते. "आज मडक्याला चुना लावला नव्हता, लवकर आंबली." किंवा, "ही कालची हाय, सकाळची म्हणून खपवली तुमाले." हे पुढच्या रविवारी तिथं जाऊन तहकिकात करतात आणि येऊन कबूल करतात, की माझंच खरं होतं. मित्रांमध्ये ह्यांची शिंदीची पारख फार नावाजलेली आहे. ती कुणाची आहे ते मला माहीत आहे.

मला जायला कुणी मनाई केली होती असं नाही. आमच्यातल्या बाया तिथं जात नाहीत, एवढंच. आमच्याकडे भांडी घासणारी बाई नवऱ्याबरोबर जाऊन बसते, बाजारातली भाजीवाली बसते, शेतावरच्या बाया तर कामावरून येता येता बसतात आणि हसत घरी जातात. पण मी शाळेत बाई आणि हे महसूल खात्यात गिरदावर. म्हणजे आम्हाला इज्जत आली, आणि इज्जतीबरोबर मागचं दार आलं.

मला आणून दिलेली नको होती. मला कुणीतरी "चल" म्हणायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे हेच. चौतीस वर्षांत मी हे बोलले नव्हते. बोलले ते यंदा, तेही सातासमुद्रापलीकडे, एका पबाबाहेरच्या बाकावर बसून.

आमची लेक जर्मनीत नोकरी करते. आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर तिनं महिनाभरासाठी बोलावून घेतलं. ती राहते तो भाग मोठ्या शहरांपासून लांब, टेकड्यांचा आणि शेतांचा. तिथं गावागणिक बियरची भट्टी. कारखाना नव्हे. आपल्याकडे तेलाची घाणी असायची तेवढी जागा. पुढं पब, मागं भट्टी, वर मालकाचं घर.

पहिल्याच संध्याकाळी लेकीनं फोन पुढं धरला. "बाबा, मी दिवसभर ऑफिसात. तुमी दोघं फिरा. हे पाहा, चांगल्या चांगल्या जागा. याले साडेचार तारे, याले पावणेपाच."

"तारे कोण लावते?" ह्यांनी चष्मा वर केला.

"लोकं लावतात."

"लोकाच्या तोंडी जबानीवर म्या कधी सही केली का?"

आता गिरदावर म्हणजे काय ते सांगायला हवं. जमिनीचं भांडण असो की पिकाची नोंद, कागदावर काहीही लिहिलेलं असलं तरी जागेवर जाऊन स्वतः पाहिल्याशिवाय हा माणूस पुढं सरकत नाही. याला आमच्याकडे मौका पाहणं म्हणतात. ह्यांनी नोकरीभर नेरडीगोंड्यापासून उटनूरपर्यंत मौके पाहिले आणि ती सवय अंगात मुरली. मला पाहायला आले तेव्हासुद्धा ह्यांनी आधी आमची विहीर पाहिली, मग मला. विहिरीला पाणी भरपूर होतं म्हणून माझं जमलं, असं माझा भाऊ अजून चिडवतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ह्यांची तयारी झाली. दाढी, इस्त्रीचा शर्ट, कानटोपी. मी विचारलं, एवढ्या सकाळी कुठं?

"भट्टीवर. मंग काय दुपारी जातं का? ऊन लागल्यावर काय राह्यते तिच्यात?"

शिंदी सूर्य वर यायच्या आत प्यायची. उशीर झाला की ती आंबट पडते आणि डोकं धरते. आम्हा दोघांनाही जन्मभर हेच ठाऊक. बियर पिंपात महिना महिना ठेवतात, तिला सकाळ-संध्याकाळ काही नसते, हे आमच्या मनातसुद्धा आलं नाही. लेक झोपली होती, नाहीतर तिनं अडवलं असतं. सव्वासातच्या बसने आम्ही एका गावात उतरलो. भट्टीच्या अंगणात रबरी बूट घातलेला एक माणूस पाइपाने पिंपं धूत होता. हे फाटकाशी उभे राहून म्हणाले, "फ्रेश? मॉर्निंग फ्रेश?"

त्याने आमच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. मग दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली.

"दहा वाजता उघडते म्हणते," हे माझ्याकडे वळून म्हणाले. "मालक आळशी दिसते."

पबाच्या दारासमोर एक लाकडी बाक होता. तिथं आम्ही अडीच तास बसलो. थंडी अशी, की माझ्या पायांची बोटं कुठं संपतात ते कळेना. त्या माणसाला आमची दया आली असावी. त्याने दोन मग कॉफी आणून दिली. ह्यांनी घोट घेतला आणि मला हळूच सांगितलं, की माणूस आळशी असला तरी मनाने चांगला आहे.

दहाला दार उघडलं. मी पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि उठले.

"थांब," हे म्हणाले. "आधी मी पाहून येतो. बाईमाणसानं बसण्यासारखं हाय का नाही."

मौका पाहायला पंचवीस मिनिटं लागली. बाहेर आले तेव्हा मिशीला फेस होता.

"नाही जमत तुले. सारे दांडगे गडी बसून राह्यले."

त्यांचं वाक्य पुरं होतंय तोच त्यांच्या पाठीमागे पबाचं दार पुन्हा उघडलं आणि हातात काठ्या घेतलेल्या दोन म्हाताऱ्या बाहेर आल्या. दोघींचे गाल लालबुंद. एकमेकींना कोपर मारून हसत होत्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बसचं वेळापत्रक वाचायला लागले, जर्मनमधलं.

पुढचे आठ-दहा दिवस असेच गेले. रोज नवं गाव, नवी भट्टी, नवा बाक. हे आत मौका पाहायचे आणि माझ्या वाट्याला बाहेरचा मौका यायचा. राग तर येतच होता. पण मी हाडाची मास्तरीण. बसल्या जागी काहीतरी शिकल्याशिवाय मला राहवत नाही. आणि खरं सांगते, चांगला पब ओळखायला बाकासारखी जागा नाही. आत गेलेल्या माणसाला फक्त पेला दिसतो.

पहिल्यांदा मी नाकाने ओळखायला शिकले. जिथं मागं सातू उकळत असतो, तिथं ज्वारीची आंबील शिजावी तसा वास अंगणभर असतो. असा वास असला तर बसावं. नुसता फरशी पुसायच्या औषधाचा वास असला, तर बियर लांबून गाडीत भरून आलेली असते. मग माणसं. जिथं गावकरी आपापला मातीचा मग घरून घेऊन येतात आणि भरून नेतात, ती जागा चांगली. जिथं आत जाणारा माणूस आधी खिडकीतून डोकावत नाही, सरळ दार ढकलतो, ती त्याहून चांगली, कारण आत कोण बसलेलं असणार हे त्याला ठाऊक असतं. आणि जिथं दारावरच्या पाटीवर चार भाषांत जेवणाची नावं आणि खाली रंगीत चित्रं, तिथून पाय उचलावा. लेकीच्या फोनवर अशाच एका जागेला पावणेपाच तारे होते. मी म्हटलं, नको. ह्यांनी मौका पाहिला आणि तोंड वाकडं करून परतले.

हळूहळू हे मलाच विचारायला लागले. "काय म्हणतं? हे की ते?" मी बाकावरून बोट दाखवायची आणि हे आत जायचे. एका गावात तर सकाळी नऊलाच सगळं गाव पांढरे सॉसेज आणि गढूळसर बियर घेऊन बसलेलं. दुपारी बारानंतर ते सॉसेज खायचं नाही अशी तिथली रीत आहे म्हणे. सॉसेज आमच्या कामाचं नव्हतं, पण ह्यांना आकाश ठेंगणं झालं. "पाह्यलं? सकाळचीच असते! त्या पहिल्या आळश्याले समजत नाही."

मग ह्यांनी माझ्यासाठी पेला बाहेर आणायला सुरुवात केली. दोन्ही हातांत धरून, सांडू न देता, पायऱ्या उतरून. त्यात माया होती, हे मला कळत होतं. मी बाकावर बसून प्यायचे. एका ठिकाणची काळी बियर मला फार आवडली. ती धुरावर वाळवलेल्या सातूची करतात. पहिला घोट घेतला की वाटतं कुठं तरी काही जळलंय, आणि तिसऱ्या घोटाला हुरडा भाजायच्या आगटीजवळ बसल्यासारखं होतं. मी ह्यांना तसं सांगितलं. ह्यांनी डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणाले, "हौ वं. आगटीच हाय."

पण एक दिवस मी बाहेर आणलेला पेला हुंगला आणि बाजूला ठेवला. "पिंपाची नळी धुतली नाही," मी म्हटलं. "आंबट धातूचा वास येऊन राह्यला."

हे पेला घेऊन आत गेले. थोड्या वेळाने पबाचा मालक स्वतः बाहेर आला. गळ्यात फडकं, चेहरा ओशाळलेला. त्याने चव घेऊन पाहिली होती, माझं खरं निघालं होतं आणि त्याने सगळी नळी खोलायला घेतली होती. त्याने हात पुढं केला आणि ह्यांचा हात घट्ट धरून तीन-चारदा हलवला. हे मान हलवत, हसत उभे. मी बाकावर.

मालक आत गेला आणि माझा तोल गेला.

"निकाल माझा आन् हात तुमचा?"

"अवं, मी सांगणारच होतो..."

"काय सांगणार होते? मी काय दावणीची म्हैस हाय, जाग्यावर कडबा आणून टाकायले?"

हे गडबडले. "काऊन वं, काय चुकलं माह्यं? पेला आणून तं दिला ना!"

"तेच चुकलं. आणून नका देऊ. मले न्या."

बोलून गेले आणि मीच दचकले. चौतीस वर्षांची गोष्ट दोन शब्दांत संपली. हे आगगाडीत घरापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. रागावले नव्हते, हे मला माहीत होतं. एखाद्या कागदावर सगळं बरोबर दिसतंय, पण जमीन काही जुळत नाही, तेव्हा ह्यांचा असा चेहरा होतो. उतरताना एवढंच म्हणाले, "तुले तरास नको म्हणून आणत होतो."

रात्रीच्या जेवणाला मी लेकीला सगळं सांगितलं. ती भाकरीचा घास हातात धरून हसत सुटली. "आई, शनिवारी मी नेते ना तुले."

"तू नको," मी म्हटलं. "तू तं नेशीलच."

हे ताटाकडे पाहून भात कालवत होते. लेकीने एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं.

दोन दिवसांनी आम्ही आगगाडीने पूर्वेकडे गेलो, झेक देशाची सीमा जिथं जवळ आहे तिकडे. गावातून चालताना मला एका घराबाहेर काठी दिसली आणि काठीला टांगलेली सहा टोकांची लाकडी चांदणी. पबाची पाटी नाही, काही नाही. साधं घर. खिडकीत कुंड्या, दाराशी मुलांचे बूट. पण समोरच्या बाकावर दोन माणसं पेले घेऊन बसलेली, आणि रस्त्याने येणारी बाई दार न वाजवता आत शिरलेली.

"हे," मी म्हटलं.

"हे तं कोणाचं घर हाय."

"हेच."

"बरं. आधी मी..." म्हणून हे थांबले. माझ्याकडे पाहिलं. ह्यांची खरोखर ओढाताण होत होती, मला हसूच येत होतं. शेवटी सवयीने डाव साधला. "दोनच मिनिटं," म्हणाले आणि आत गेले.

मी बाकाच्या टोकाला बसले. पाच मिनिटं झाली असतील. घराच्या बाजूने माझ्याच वयाची एक बाई भाजीची सालं टाकायला बाहेर आली. कंबरेला एप्रन, बाह्या वर सरकवलेल्या. तिनं माझी साडी पाहिली, मांडीवरच्या दोन पिशव्या पाहिल्या, दाराकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. ती काय बोलली ते मला कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरीला मी याच सुरात आत घ्यायची. तिनं माझा दंड धरला आणि स्वयंपाकघरातून मला आत नेलं. इथंही मागचंच दार, पण या वेळी मी त्यातून आत जात होते.

आत म्हणजे त्यांची बैठकीची खोली. लांब टेबलं, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात शेगडी. शेगडीजवळच्या टेबलावर हे एका म्हाताऱ्याबरोबर फोनवरच्या भाषांतरात डोकं घालून बसले होते. त्या बाईने मला भलत्याच टेबलावर, दोन बायांच्या मध्ये बसवलं. त्यांनी ढुंगण सरकवून जागा केली. तिथं टेबल कुणा एकाचं नसतंच, जागा होईल तिथं बसायचं. समोर पेला आला, काळसर ब्रेड, कांदा आणि लाल तिखट घालून मळलेलं चीज, आणि मीठ लावलेला मुळा. मुळा! मला एकदम घरच्यासारखं झालं. बायांनी पेल्याला पेला लावताना डोळ्यांत पाहायचं असतं ते शिकवलं. मी अर्धा पेला एका दमात संपवला. बियर गढूळसर होती, थोडी गोड, थोडी कडू, आणि कोऱ्या धान्याचा वास असलेली. मला फार आनंद झाला. तो मी आणखी रंगवून सांगणार नाही, कारण तो तेवढाच आणि तसाच होता.

मी ह्यांच्याकडे पाहतच नव्हते. थोड्या वेळाने माझ्या खांद्याशी कुणी तरी उभं राहिलं.

"इथं जागा हाय का?" हे हातात पेला घेऊन विचारत होते.

"आधी मौका पाहून घ्या," मी म्हटलं. "बाप्यामाणसानं बसण्यासारखं हाय का नाही."

बायांना शब्द कळले नाहीत, पण त्या खदखदा हसल्या. हे बसले आणि लगेच, लहान पोरासारखं, माझ्या कानाशी आले. "अवं, ऐक तं! त्या म्हाताऱ्यानं सांगतलं. गावाची एकच भट्टी, सामायिक. बियर करायचा हक्क घराच्या दस्तात लिहून हाय! वारसानं येते. घर विकलं तं हक्क घरासंगं जाते. आन् पाळी असते. आज या घरी, पुढच्या हप्त्यात दुसऱ्या घरी. ज्याची पाळी, त्याच्या दारात चांदणी." नोकरीभर जमिनीचे कागद वाचणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठं काही असूच शकत नव्हतं. "पहाणीत बियर!" हे दोनदा म्हणाले. पहाणी म्हणजे आमच्या तेलंगणातला सातबारा.

तोवर तो म्हाताराही आमच्या टेबलाशी आला. मी त्याला मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे शिंदी काढणाऱ्या घरांचीही अशीच पाळी असते. त्याने विचारलं, तुम्हाला कोणत्या घरची आवडते? मी म्हटलं, मी तिथं कधी गेले नाही. फोनने त्याचं भाषांतर केलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ ह्यांच्याकडे पाहिलं. हे मुळा खात राहिले.

राहिलेल्या दिवसांत आम्ही दोघं मिळून अकरा ठिकाणी गेलो. हे दार उघडून धरायचे आणि मी आधी आत शिरायची. लेक म्हणाली, बाबा सुधारले. मीही तसंच म्हटलं, तोंडाने. पण मनात एक होतं. तिथं आम्हाला ओळखणारं कोण होतं? त्या गावांत मी साडीतली एक परदेशी बाई, हे कानटोपीतले एक परदेशी गृहस्थ. लाजायला ओळखीची माणसं लागतात, आणि ती सगळी आदिलाबादला होती.

परतीच्या विमानात मी विचारलं, "आता रविवारी?"

ह्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. "पाहू," म्हणाले.

सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस "पाहू" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय, हे मी सांगायला नको.

घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी मी सहाला उठले, न्हाले, चांगली साडी नेसले आणि पुढच्या ओट्यावर जाऊन बसले. एकदा मागितलं होतं, पुन्हा मागणार नव्हते. समोरची शेजारीण रांगोळी घालत होती. हे स्कूटर घेऊन बाहेर आले, मला पाहिलं, शेजारणीला पाहिलं. स्कूटर चालू केली. ती फटफटत राहिली आणि हे तिथंच उभे.

"बस," शेवटी म्हणाले.

मी मागं बसले आणि स्कूटर गल्लीतून निघाली. बनाच्या तोंडाशी चिंचेखाली चौघे बसले होते. एक माझ्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, एक औषधाच्या दुकानाचे मालक, एक विमा एजंट आणि एक कांद्याचे व्यापारी. माझ्या हाताखाली या चौघांचीही पोरं शिकलेली. मला पाहताच चौघे ताडकन उठले. मुख्याध्यापकांनी हातातला पळसाच्या पानाचा द्रोण पाठीमागं लपवला आणि तो त्यांच्या धोतरावर ठिबकायला लागला.

"बाई," ते म्हणाले, "काही काम होतं का?"

त्या रस्त्याने पुढं मारुतीचं देऊळ आहे. "देवळात चाललो होतो, थांबलो जरा," एवढं म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. ते वाक्य ह्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. एवढी वर्षं ज्याच्याबरोबर राहिलो त्या माणसाचं न बोललेलं वाक्यही दिसतं. आणि त्या क्षणी मला वाटलं, म्हणतील, आणि मीही मान हलवीन, आणि नारळ फोडून घरी जाईन. परदेशातले अकरा पब तिथंच राहतील.

ह्यांनी स्कूटर स्टँडला लावली. लागेना. पुन्हा लावली.

"काम नाही," म्हणाले. "आमी दोघं प्यायले आलो."

मग औषधवाले धावत जाऊन कुठून तरी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले आणि लांब, दुसऱ्या झाडाखाली, आमच्याकडे पाठ होईल अशी मांडली. ह्यांनी ती उचलून बाजूला ठेवली. "खुर्ची नको. ती इथंच बसते."

मी मातीवर बसले. शिंदी पळसाच्या पानातून प्यायची तर पान दुमडून दोन्ही हातांनी तोंडाशी धरावं लागतं आणि वरून दुसऱ्याने ओतावं लागतं. मला पान दुमडता येईना. मुख्याध्यापकांनी पाठीमागचा हात पुढं आणला आणि कसं दुमडायचं ते दाखवलं. शिंदी काढणारा मडकं घेऊन पुढं झाला. ह्यांनी ते त्याच्या हातून घेतलं, चार मित्रांसमोर माझ्यापुढं वाकले आणि ओतायला लागले.

जमिनीच्या भांडणात लोक काठ्या घेऊन समोर उभे असतानाही आपला हात कधी कापला नाही, असं हे सगळ्यांना सांगतात आणि ते खरं आहे. त्या सकाळी कापत होता. शिंदी माझ्या मनगटांवर सांडत होती, साडीवर सांडत होती, आणि तरी हे ओतत होते. मला भरून आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून मडकं रिकामं होईपर्यंत मी पान तोंडापासून काढलंच नाही.